पूर ओसरतो, ओल मुरते
भिंतीवरची बुरशी आणि हृदयविकार यांचा संबंध कितपत खरा?

पवना, मुळा आणि इंद्रायणी या तीन नद्यांच्या काठाने वाढलेल्या पिंपरी-चिंचवडला पुराचे पाणी नवे नाही. पवना धरणातून विसर्ग वाढला की चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरात पाणी शिरते. जुनी सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव, बोपखेल या भागांतील सखल वस्त्यांतली माणसे चीजवस्तू माळ्यावर टाकून बाहेर पडतात. जुलै २०२४ मध्ये पुणे परिसरात झालेल्या अतिवृष्टीतही हेच घडले. अशा पुराची बातमी तीन-चार दिवस चालते. पाणी ओसरले की ती मागे पडते.

घरातला त्रास मात्र तेव्हा सुरू होतो. गाळ उपसून, लादी धुऊन झाली तरी भिंतीवर पाण्याची रेघ तशीच राहते. आठ-दहा दिवसांत त्या रेघेच्या वर करडे, हिरवट, काळे ठिपके उठतात. कपाट उघडले की कुबट वास येतो. लहान मुलाला शिंका सुरू होतात आणि आजोबांना जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, ‘ओल बाधली.’

बुरशीने खोकला येतो, दमा बळावतो, हे जवळपास सगळ्यांना ठाऊक असते. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. पुरानंतर हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, त्यात या ओल्या भिंतींचाही वाटा असेल का? या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पुरानंतर हृदयाला धोका वाढतो, याचा पुरावा चांगला आहे. बुरशीमुळे फुफ्फुसांना त्रास होतो, याचाही आहे. बुरशीमुळेच हृदयविकार होतो, हा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. पूरग्रस्त घरातल्या माणसाने या तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घेतल्या, तर त्यांतून उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

पुरानंतरचे पन्नास दिवस

पुरात माणसे बुडून मरतात, वीज लागून मरतात, दरड कोसळून मरतात. हे मृत्यू त्याच दिवशी मोजले जातात. पण पाणी ओसरल्यावर होणारे मृत्यू पुराच्या खात्यावर लिहिले जात नाहीत. ते मोजण्याचा एक मोठा प्रयत्न ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाला. जगातील ३५ देश व प्रदेशांतील ७६१ ठिकाणच्या नोंदी त्यासाठी तपासण्यात आल्या. या नोंदींत एकूण सुमारे पावणेपाच कोटी मृत्यू होते आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे होते.

पूर आल्यानंतर मृत्यूचा धोका हळूहळू चढत जातो, साधारण पंचविसाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक होतो आणि साठ दिवसांपर्यंत टिकतो, असे त्यात आढळले. हृदयविकाराच्या बाबतीत हा काळ सुमारे पन्नास दिवसांचा होता. या काळात हृदयविकाराच्या मृत्यूंचा धोका २.६ टक्क्यांनी, तर श्वसनविकाराच्या मृत्यूंचा धोका ४.९ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

अडीच टक्के हा आकडा एका माणसाच्या दृष्टीने लहान आहे. ज्या वस्तीत एरवी हृदयविकाराने शंभर मृत्यू झाले असते, तिथे एकशे दोन किंवा तीन होतात, एवढाच त्याचा अर्थ. पण हृदयविकार हे भारतातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यामुळे शहराच्या पातळीवर हा लहान आकडा लहान उरत नाही. त्यातली काळाची गोष्ट तर अधिक महत्त्वाची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या पुराचे पन्नास दिवस मोजले, तर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जातात. तोवर निवारा केंद्रे केव्हाच बंद झालेली असतात, पंचनामे उरकलेले असतात आणि गणपतीची तयारी सुरू असते. ‘पूर गेला’ असे सगळे म्हणतात, त्याच सुमारास हृदयावरचा ताण सर्वाधिक असू शकतो.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराने याचे दीर्घकालीन रूप पाहिले आहे. २००५ मध्ये ‘कतरिना’ चक्रीवादळानंतर शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. तिथल्या तुलेन विद्यापीठाच्या रुग्णालयात वादळापूर्वी एकूण दाखल रुग्णांपैकी सुमारे ०.७ टक्के हृदयविकाराच्या झटक्याचे असत. वादळानंतर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे जवळपास तिप्पट झाले, आणि दहा वर्षांनंतरही ते खाली आले नाही. या रुग्णांमध्ये बेरोजगारी, धूम्रपान आणि औषधे नियमित न घेणे यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा जास्त आढळले.

त्याच शहरात पुरानंतर काही आठवड्यांनी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ११२ घरे पाहिली. त्यांतील ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसणारी बुरशी होती आणि १७ टक्के घरांत तिने भिंती अक्षरशः व्यापल्या होत्या. शहर एक, काळही जवळपास तोच. तेव्हा बुरशीने झटके आले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. घर गेलेले, नोकरी गेलेली, गोळ्या सुटलेल्या, झोप उडालेली. या सगळ्यांतून बुरशीचा वाटा वेगळा काढणे फार अवघड असते.

भिंत पाणी पिते

बुरशी पुराबरोबर येत नाही. तिचे बीजाणू वर्षभर हवेत असतातच, घरातही असतात. त्यांना दोन गोष्टी मिळाल्या की ते रुजतात: ओलावा आणि खाद्य. प्लायवूड, पुठ्ठा, वह्या-पुस्तके, कापसाची गादी, रंगाचा थर, भिंतीवर बसलेली धूळ यांतले काहीही तिला चालते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही तर तिच्यावर बुरशी धरण्याची शक्यता वाढते, असा आरोग्य यंत्रणांचा सर्वसाधारण निकष आहे.

हा निकष पिंपरी-चिंचवडच्या श्रावणात पाळायचा कसा, हीच अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत ओलावा बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे नऊ इंची विटांची भिंत कुठून वाळणार? विटा आणि गिलावा यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. कंदिलाच्या वातीत तेल चढते, तसे पाणी त्यांतून वर चढते. म्हणून पुराच्या रेघेच्या फूटभर वरही ओल दिसते. त्यावर घाईने प्लास्टिकचा रंग मारला, तर आतले पाणी आतच कोंडते. काही आठवड्यांनी पोपडे सुटतात आणि मागची बुरशी उघडी पडते.

नदीकाठच्या चाळींमधल्या खोल्यांना बहुधा एकच दार आणि एकच खिडकी असते. पाठीला पाठ लावून दुसरी खोली असते. वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून जाईल, अशी सोयच नसते. चाकण, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात कामगारांसाठी ‘कॉट बेसिस’वर दिल्या जाणाऱ्या खोल्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पहिल्या पाळीचे कामाला जातात, तेव्हा रात्रपाळीचे येऊन झोपतात. झोपणाऱ्याला उजेड नको, म्हणून खिडकी बंद. कपडे वाळतात तेही आतच. अशा खोलीत पूर कधीच आला नसला, तरी पत्र्यातून होणारी गळती आणि कोंडलेली वाफ बुरशीला पुरेशी असते.

पिंपरीने जपलेली बुरशी

बुरशी म्हणजे विष, असेही मानू नये. याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिन हे पेनिसिलियम नावाच्या बुरशीकडून मिळणारे औषध. म्हणजे देशातल्या असंख्य माणसांचे प्राण वाचवणारे औषध पिंपरीत बुरशी वाढवूनच तयार होत होते.

पुढे याच कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीला मारणारे ‘हॅमायसिन’ हे औषध शोधले. ते ज्या सूक्ष्म जिवाणूपासून मिळाले, त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे पिंपरीचेच नाव दिले गेले. बुरशी उपकारक ठरणार की अपायकारक, हे ती कुठे आहे, किती आहे आणि समोरचा माणूस कसा आहे, यावर ठरते. धडधाकट माणसाला चार दिवस कुबट वास आल्याने काही बिघडत नाही. दमेकरी, हृदयरुग्ण, मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती त्याच खोलीत दोन महिने झोपत असेल, तर गोष्ट वेगळी.

फुफ्फुसातून हृदयाकडे जाणाऱ्या वाटा

बुरशी हृदयापर्यंत पोहोचू शकेल अशा काही वाटा शास्त्रज्ञ मांडतात. सगळ्या सारख्याच भक्कम नाहीत.

पहिली वाट सूक्ष्म कणांची. बुरशीचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉन आकाराचे असतात. त्याशिवाय सुकलेल्या बुरशीचे आणखी बारीक तुकडे हवेत मिसळतात आणि फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत ‘बीटा-ग्लुकान’ हा घटक असतो. आपल्या संरक्षक पेशी तो ओळखतात आणि दाह सुरू होतो. दाह निर्माण करणारी रसायने रक्तात उतरली, तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर परिणाम होऊ शकतो. वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कणांबाबत हे घडते, याचा पुरावा भरपूर आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच सूक्ष्म धूलिकण आणि हृदयविकार यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचे मत नोंदवले होते. पण डिझेलची काजळी आणि बुरशीचा तुकडा एकसारखे नाहीत. धुराचे निष्कर्ष जसेच्या तसे बुरशीला लावणे, हा आज तरी तर्क आहे.

दुसरी वाट दम्याची. ओल्या घरात दमा बळावतो, हे सिद्ध झालेले आहे. दम्याच्या झटक्यात रक्तातला प्राणवायू कमी होतो, नाडी वाढते, रात्रीची झोप मोडते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयाला हा जादा भार झेपेलच असे नाही. इथे बुरशी हृदयविकार निर्माण करत नाही. असलेल्या विकाराला ती धक्का देते.

तिसरी वाट संथ आहे आणि तिच्याबद्दल भारतातील माहितीही उपलब्ध आहे. बुरशी, पक्ष्यांची विष्ठा वगैरेंचे कण सतत श्वासात गेल्याने काही जणांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीसारखी सूज येते आणि पुढे फुफ्फुसे कडक होत जातात. फुफ्फुसाच्या अशा तंतुमय विकारांच्या १,०८४ रुग्णांची देशातील १९ शहरांतून घेतलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या घरी पाण्यावर चालणारा कूलर होता. साधारण पाचांपैकी एकाचा घरातल्या बुरशीशी संपर्क होता. कडक झालेल्या फुफ्फुसांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे हे चालले, तर तो कप्पा थकतो. हा परिणाम एका पावसाळ्यात होत नाही. पण दर पावसाळ्यात ओलणाऱ्या त्याच खोलीत माणूस पंधरा वर्षे राहिला, तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

चौथी वाट थेट संसर्गाची, आणि ती अत्यंत विरळ आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या हृदयात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. २०२१ मध्ये करोनानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आढळले, त्यांतही अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांचा मोठा हात होता. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणून ‘काळी बुरशी झाली’ असे घाबरण्याचे कारण नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लीव्हलँडचा धडा

घाईने निष्कर्ष काढला की काय होते, याचे उदाहरण याच विषयात आहे. १९९३-९४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या ओल्या घरांत ‘स्टॅकीबॉट्रिस’ ही काळी बुरशी सापडली. तिचे विषच याला कारणीभूत असल्याचे तेव्हा मांडले गेले आणि ‘विषारी काळी बुरशी’ हा शब्द जगभर पसरला. पुढे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने स्वतःचेच काम पुन्हा तपासून घेतले आणि २००० साली जाहीर केले, की हा संबंध सिद्ध झालेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दमा, खोकला, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा संबंध स्पष्टपणे मांडला आहे. हृदयविकार त्या सिद्ध यादीत नाही. म्हणून ‘शरीरातील बुरशीचे विष बाहेर काढतो’ असे सांगून काढे, तपासण्या किंवा पॅकेज विकणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. ते पैसे गिलावा बदलायला किंवा गोळ्या आणायला अधिक उपयोगी पडतील.

बुरशीवरची गोळी आणि थकलेले हृदय

बुरशी आणि हृदय यांच्यातला एक धागा मात्र पुरता सिद्ध आहे, पण तो भिंतीत नाही, औषधाच्या पाकिटात आहे. पुराच्या पाण्यात वावरल्यावर, ओले कपडे अंगावर राहिल्यावर गजकर्ण, जांघेतली खाज, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या वाढतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणली जाणारी एक गोळी म्हणजे ‘इट्राकोनाझोल’. तिचा हृदयाच्या आकुंचनशक्तीवर विपरीत परिणाम होऊ शकतो. २००१ सालीच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत गंभीर इशारा दिला होता. ज्यांचे हृदय कमकुवत आहे, ‘पंपिंग कमी आहे’ असे ज्यांना सांगितले गेले आहे, त्यांनी त्वचेच्या किंवा नखांच्या बुरशीसाठी ही गोळी घेऊ नये, असे तो इशारा सांगतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाणही ती वाढवते.

‘फ्लुकोनाझोल’ ही दुसरी नेहमीची गोळी. कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणारे ‘वॉरफेरिन’ घेणाऱ्या व्यक्तीने ती घेतली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाक चोंदले म्हणून घेतलेल्या सर्दीच्या गोळीतील काही घटक रक्तदाब वाढवतात. दम्याचा पंप गरजेपेक्षा जास्त वेळा ओढला, तर छातीत धडधड होते. यांतले कोणतेही औषध वाईट नाही. पण डॉक्टरांना ‘मला हृदयाचा त्रास आहे’ हे सांगितल्याशिवाय ते घेऊ नये.

याच्या उलट धोका, चालू गोळ्या सुटण्याचा. पुरात औषधांचा डबा आणि डॉक्टरांची फाइल दोन्ही जातात. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी बंद झाली, तर दाब आणि नाडी उसळतात. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस जरी चुकल्या, तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. सामान हलवण्याच्या घाईत हे कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याने आठवण होते, तेव्हा ‘इतके दिवस काही झाले नाही’ म्हणून ते तसेच राहते.

धाप कशाची?

ओल्या घरात कोणालाही धाप लागली की तिचे खापर बुरशीवर फुटते. नेमका इथेच घात होऊ शकतो. त्रास खरे तर हृदयाचा असतो आणि माणूस वाफारे घेत बसतो.

फक्त त्या खोलीत त्रास वाढणे आणि बाहेर पडल्यावर किंवा गावी गेल्यावर बरे वाटणे, छातीत शिटीसारखा आवाज येणे, शिंका, डोळ्यांना खाज ही लक्षणे ॲलर्जी व दम्याकडे बोट दाखवतात. आडवे झाल्यावर धाप वाढणे, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप न येणे, मध्यरात्री गुदमरून उठणे, पावलांवर सूज, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे ही लक्षणे हृदय थकल्याची असू शकतात. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम ही तातडीची लक्षणे आहेत. मधुमेहींना आणि स्त्रियांना अनेकदा छातीत दुखत नाही. नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा जाणवतो. अशा वेळी ‘ओल बाधली’ म्हणत रात्र काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी करून घ्यावा.

पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायला हवी. हा आजार मूत्रपिंड व यकृताबरोबरच कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो आणि वेळीच उपचार झाले तर बरा होतो.

घरात काय करता येईल?

• पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा, पुठ्ठे आणि फुगलेले प्लायवूड वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. लोखंड, स्टील, प्लास्टिक, फरशी धुऊन वापरता येते.

• कपाट, पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढावेत. ऊन पडेल तेव्हा दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बोर्ड वायरमनने तपासल्यानंतरच पंखे लावावेत.

• बुरशी कोरडी खरवडू किंवा झाडू नये. त्याने ती हवेत उडते. आधी ओली करून साबणाच्या पाण्याने पुसून काढावी. नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे हवेत.

• ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

• फुगलेला गिलावा काढून भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच रंग लावावा. तोवर चुन्याचा हात देणे चांगले. चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीला श्वासही घेता येतो.

• ही साफसफाई हृदयरुग्ण, दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि ज्येष्ठांनी करू नये. शक्य असल्यास त्यांची झोपण्याची जागा काही आठवडे कोरड्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे असावी.

• चालू गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पावसाळ्यात दोन आठवड्यांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवाव्यात.

• पुरानंतर पंधरा दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, त्रास नसला तरीही.

मोजले तर कळेल

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला गिलावा बदलता येत नाही, हे खरेच आहे. तो घरमालकाच्या मर्जीवर असतो आणि पावसाळ्यात दुसरी खोली मिळत नाही. त्यामुळे हा प्रश्न प्रत्येकाच्या घरच्या स्वच्छतेवर सोडून भागणार नाही. पुरानंतर आरोग्य खात्याची पथके ताप आणि जुलाब शोधत वस्तीत फिरतात, पाण्याचे नमुने घेतात, औषध फवारणी करतात. त्याच फेरीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र नेले, सुटलेल्या गोळ्या दिल्या आणि भिंतीवरच्या ओलीची नोंद केली, तर खर्च फारसा वाढणार नाही. अशी फेरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा व्हायला हवी, कारण धोका तेव्हा चढलेला असतो.

बुरशी आणि हृदयाच्या कोड्याचे उत्तरही याच भागात शोधता येण्यासारखे आहे. महाराष्ट्रात हवेतील बीजाणूंचा अभ्यास जुना आहे. मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘टिळक एअर सॅम्पलर’ हे बीजाणू मोजण्याचे उपकरण देशभर वापरले गेले. चाकण पट्ट्यापासून जवळ असलेल्या वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांतील जन्म-मृत्यूंची सातत्याने नोंद ठेवत आले आहे. त्या नोंदींवरून तापमान व पाऊस यांचा मृत्यूंशी असलेला संबंध तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्धही झाला. म्हणजे घरातली ओल, हवेतले बीजाणू आणि रुग्णालयातल्या तारीखवार नोंदी एकत्र आणण्याचे कौशल्य इथेच आहे.

तोवर रुग्णाने पुरावा पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ओल काढली तर फुफ्फुसांना फायदा होतो, एवढे ठाऊक आहे. गोळ्या वेळेवर घेतल्या तर हृदयाला होतो, हेही ठाऊक आहे. बुरशीचा हृदयावरचा नेमका परिणाम पुढे कितीही लहान वा मोठा ठरला, तरी या दोन कामांत काही बदल होणार नाही.